बाळाच्या स्वेटरचा नमुना लिहून टाकायचाय, पण प्रत्येकीचं माप वेगळं येतंय

लोकरगुंडा

गळ्याकडून खाली विणत जायचा, पुढून उघडा, रॅगलन पद्धतीचा (बाहीची रेषा गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी उतरते तो) बाळाचा स्वेटर आहे. वय ६ महिने, छाती ४३ सेंमी धरली आहे. नमुना मराठीत लिहून सगळ्यांसाठी फुकट टाकायचा आहे. त्याआधी तिघींना विणून बघायला दिला. सध्या मजकूर असा आहे:

डीके (डबल निटिंग) जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर. सुया ८ नंबर, बॉर्डरला १० नंबर. १० नंबरवर ५६ टाके घालून १ सुलट १ उलट अशा ४ ओळी. मग ८ नंबरवर सुलट-उलट विण (एक ओळ सुलट, एक ओळ उलट). टाक्यांची वाटणी १०, ८, २०, ८, १० (पुढचा भाग, बाही, पाठ, बाही, पुढचा भाग), मध्ये चार खुणा. प्रत्येक सुलट ओळीत प्रत्येक खुणेच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक टाका वाढवायचा, असं १४ वेळा. एकूण १६८ टाके. बाह्यांचे ३६-३६ टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे, काखेत ४-४ नवे टाके घालायचे, धडाचे १०४ टाके होतात. १४ सेंमी सरळ, मग १० नंबरवर १२ ओळी बॉर्डर. बाही ३६ अधिक काखेतले ४, म्हणजे ४० टाक्यांवर.

हिशोबाने छाती ४७ सेंमी यायला हवी. आलं ते असं:

न्यू जर्सीच्या ताईंचा स्वेटर जवळपास ५५ सेंमी झाला आणि खालची बॉर्डर आत ओढली जाण्याऐवजी झालरीसारखी पसरली. नागपूरच्या ताईंचा ४४ सेंमी आला, कापड कडक आहे आणि गळ्याची कड आवळते. पुण्याच्या काकूंचं धड अगदी बरोबर आलं, पण बाही अरुंद झाली आणि काखेत भोकं पडली.

आकडे पुन्हा पुन्हा तपासले, बेरीज कुठेही चुकत नाही. मग नमुन्यात नेमकं काय लिहायचं राहिलंय? शिवाय पुढच्या पट्टीला किती टाके उचलायला सांगायचे आणि फोटो कसे काढायचे, हेही सांगा.

दोनसुया

न्यू जर्सीचं कोडं बॉर्डरच सोडवते आहे. त्यांनी अमेरिकी नंबरच्या सुया घेतल्या असणार.

आपल्याकडे दुकानात चालतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. तुमची ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकेत ८ नंबर ५ मिमी असते आणि १० नंबर ६ मिमी. म्हणजे धड दोन मापं जाड सुईवर झालं आणि बॉर्डर, जी बारीक सुईवर घट्ट व्हायला हवी, ती धडाहूनही जाड सुईवर. पसरणारच.

छातीचा हिशोबही जुळतो. डीके लोकर ४ मिमीवर १० सेंमीत साधारण २२ टाके देते. ५ मिमीवर तीच लोकर १९ च्या आसपास येते. १०४ भागिले १९, गुणिले १०, म्हणजे ५४.७ सेंमी. हा दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाला येईल.

म्हणून पहिला बदल: नमुन्यात नंबर एकटा कधीही लिहू नका. मिलिमीटर आधी, कंसात हवं तर आपला नंबर. नेहमी लागणारी मापं देऊन ठेवते, तशीच नमुन्याखाली टाका:

आपली १२ = २.७५ मिमी
११ = ३ मिमी
१० = ३.२५ मिमी (अमेरिकी ३)
९ = ३.७५ मिमी (अमेरिकी ५)
८ = ४ मिमी (अमेरिकी ६)
७ = ४.५ मिमी (अमेरिकी ७)
६ = ५ मिमी (अमेरिकी ८)

७ नंबर दोन्हीकडे सारखाच पडतो, त्यामुळे त्या एका सुईवर विणलेलं जुळून येतं आणि नंबर दोन्हीकडे एकच आहेत असा समज पक्का होतो. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी वापरायला सांगा. सुई ज्या सगळ्यांत लहान भोकातून सहज जाते ते तिचं माप.

दुसरी गोष्ट याहून मोठी. तुमच्या मजकुरात गेज, म्हणजे १० सेंमीत किती टाके आणि ओळी बसतात ते, कुठेच नाही. टाक्यांचे सगळे आकडे '१० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी' यावर उभे आहेत, आणि विणणारीला तेवढंच सांगितलेलं नाही. सुईचं माप ही फक्त सूचना असते, गेज ही अट. घट्ट हाताच्या बाईला ४.५ मिमी लागेल, सैल हाताला ३.७५. नमुन्यात हे सगळ्यात वर, ठळक अक्षरात लिहा.

गेज तपासायचा चौकोन विणायची कृतीही द्या, नाहीतर कोणी २० टाक्यांचा तुकडा विणून कडेपासून कडेपर्यंत मोजेल. कडेचे टाके नेहमी वाकडे असतात, ते मोजायचे नसतात. ३४ टाके घालायचे, दोन्ही कडांचे ४-४ टाके प्रत्येक ओळीत सुलट, मधले सुलट-उलट, ४४ ओळी. टाके बंद करून कोमट पाण्यात धुवायचा, ओढाताण न करता सपाट वाळवायचा, आणि पूर्ण वाळल्यावर मधल्या भागात पट्टी ठेवून १० सेंमीतले टाके मोजायचे. अर्धा टाका आला तर तोही धरायचा: १० सेंमीला अर्धा टाका चुकला की या स्वेटरच्या छातीत सेंमीभराचा फरक पडतो.

लोकरीचंही तसंच. नुसतं 'डीके' किंवा '४ प्लाय' लिहून भागत नाही. प्लाय म्हणजे धाग्यात किती पदर पिळलेत, जाडी नव्हे. ब्रिटनच्या नमुन्यांत ४ प्लाय म्हणजे ठरावीक बारीक धागा, ३.२५ मिमीवर १० सेंमीत २८ टाके. आपल्या दुकानात ४ प्लाय लिहिलेले गुंडे जाडीला एकसारखे नसतात, काही सरळ डीकेच्या जवळ जातात. वजनाला किती मीटर हे लिहा. डीके १०० ग्रॅमला साधारण २०० ते २५० मीटर भरते, बारीक मोज्यांची लोकर ३५० ते ४२०. परदेशी लेबलवर गुंड्याच्या चित्रात ० ते ७ आकडा असतो, त्यात डीके म्हणजे ३. एवढी माहिती असली की कोणत्याही गावात कोणत्याही कंपनीची लोकर घेऊन बाई विणू शकते.

या मापाला १२५ ग्रॅमच्या आसपास लोकर जाईल. १५० ग्रॅम एकदम घ्यायला सांगा आणि सगळ्या गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर सारखा बघून घ्या म्हणावं.

उलट_सुलट

नागपूरच्या ताईंच्या स्वेटरचा जवळून फोटो मागवा. सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा उघडा दिसायला हवा. एकाआड एक ओळीत त्याचे दोन पाय खाली एकमेकांवर चढलेले दिसले, तर टाक्याला पीळ पडतोय. पिळाचा टाका कमी ताणतो. कापड अरुंद, कडक आणि थोडं तिरपं होतं.

पीळ पडतो तो उलट ओळीत. उलटा टाका घेताना लोकर सुईच्या वरून गुंडाळली की टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे बसतो. खालून वर घेतली की तोच पाय मागे जातो. आपल्याकडे बऱ्याच घरांत खालूनच घ्यायला शिकवतात, कारण हात कमी हलतो आणि उलटी ओळ झटपट होते. त्यात चूक काहीच नाही, फक्त पुढच्या सुलट ओळीत सुई मागच्या पायातून घालावी लागते. खालून गुंडाळायचं आणि सुलट मात्र पुढच्या पायातून विणायचं, असं झालं की पीळ.

त्यामुळे नमुन्यात 'पुढच्या पायातून विणा' असं लिहू नका. 'टाका उघडा ठेवून विणा, जो पाय सुईच्या टोकाकडे आहे त्यातून सुई घाला' असं लिहा. दोन्ही पद्धतींना ते लागू पडतं.

अशा हाताच्या बायकांसाठी अजून दोन टिपा हव्यातच. बाही गोल विणताना उलटी ओळ येतच नाही. तिथे टाके सरळ बसलेले असतात आणि सवयीने मागच्या पायातून विणलं की उलट तिथे पीळ पडायला लागतो. आणि बाही सपाट विणली तर टाके कमी करताना डावीकडे कललेला 'दोनाचा एक' त्यांना मागच्या पायांतून थेट विणता येतो, पण उजवीकडे कललेल्यासाठी आधी दोन्ही टाके एकेक करून फिरवून घ्यावे लागतात.

तुमचं 'एकेक टाका वाढवायचा' हेही अपुरं आहे. कसा वाढवायचा? लोकर नुसती सुईवर घेऊन वाढवला तर रॅगलनच्या रेषेत जाळी येते. एका टाक्यात दोन विणले तर छोटी आडवी गाठ दिसते. बंद रेषा हवी असेल तर दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलायचा: खुणेच्या अलीकडे तो मागून पुढे उचलून पुढच्या पायातून, खुणेच्या पलीकडे पुढून मागे उचलून मागच्या पायातून. खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक साधा सुलट टाका सोडून वाढवलं की मधोमध दोन टाक्यांची स्वच्छ रेषा उतरते. यातली एक पद्धत निवडा आणि तिचा फोटो द्या.

सुगरण_सुई

पुण्याच्या काकूंनी बाही मोज्याच्या पाच सुयांवर गोल विणली असेल, धड मात्र जाऊन-येऊन. बहुतेकींचा उलटा टाका सुलट्यापेक्षा सैल असतो. धडात अर्ध्या ओळी उलट्या, बाहीत सगळ्या सुलट, म्हणून तीच सुई, तीच लोकर असूनही बाही घट्ट. उपाय म्हणजे बाहीला पाव ते अर्धा मिमी जाड सुई, इथे ४.२५ किंवा ४.५. सुई आणखी जाड केली तर फरक उघड दिसेल. नाहीतर बाहीसुद्धा सपाट विणून शिवण घाला, बाळाच्या बाहीला ती चार मिनिटांची शिवण आहे.

काखेतली भोकं सगळ्यांनाच पडतात, कारण दोऱ्यावरचे टाके आणि नवे घातलेले टाके यांच्यामध्ये एक लांब धागा ताणला जातो. काखेत ४ ऐवजी ६ टाके उचलायला सांगा. दोन्ही कोपऱ्यांतला एकेक जास्तीचा टाका त्या लांब धाग्याला पीळ देऊन घ्यायचा. पुढच्याच फेरीत तो शेजारच्या टाक्यात मिळवून टाकायचा. टाके पुन्हा ४०.

बाही कमी करायचं तुम्ही लिहिलंच नाहीये. ४० वरून ३२ पुरेत: दर आठव्या फेरीत काखेच्या दोन्ही बाजूंना एकेक, असं चार वेळा. काखेपासून १३.५ सेंमी झाली की बारीक सुईवर ३ सेंमी बॉर्डर.

गळ्याची कड आवळते कारण टाके १० नंबरवरच घातले जातात. घालताना ४ मिमी सुई घ्यायची, पहिली ओळ विणताना ३.२५ वर यायचं. टाके घालताना ते सुईवर एकमेकांना चिकटवून बसवू नयेत, मध्ये सुईच्या जाडीएवढी फट सोडावी. कड सैल-घट्ट होते ती या फटीमुळे. बंद करतानाही तसंच, एक माप जाड सुईने.

लोकरगुंडा

न्यू जर्सीच्या ताईंनी पाकीट बघून सांगितलं, ५ आणि ६ मिमीच. नागपूरच्या फोटोत एकाआड एक ओळीत पाय चढलेले स्पष्ट दिसतायत. दोघींना चौकोन विणायला सांगितलाय.

एक अडलंय. गेज लिहिल्यावर कोणाचे टाके २२ जुळले पण ओळी ३० आल्या नाहीत, तर काय सांगायचं?

दोनसुया

टाके जुळणं जास्त महत्त्वाचं. धडाची लांबी तुम्ही सेंमीत दिलीच आहे, तिथे ओळी कमीजास्त झाल्या तरी फरक पडत नाही. बाहीची लांबीही सेंमीतच लिहा. अडचण फक्त गळ्यापासून काखेपर्यंतच्या भागात, कारण तिथे १४ वेळा वाढ म्हणजे २८ ओळी बांधलेल्या आहेत. ३० ओळींच्या गेजला ते ९.३ सेंमी होतं, ६ महिन्यांच्या बाळाला योग्य.

१० सेंमीत ३४ ओळी येत असतील तर २८ ओळींचे ८.२ सेंमीच होतील, काखेत काचेल. वाढ संपल्यावर ४ ओळी साध्या विणायच्या, मग बाह्या वेगळ्या करायच्या. साधारण ९.४ सेंमी येईल.

२६ ओळी येत असतील तर उलटं, बगल लोंबेल. तिथे १२ वेळाच वाढवायचं. टाके १५२ होतात: २२, ३२, ४४, ३२, २२. आता काखेत ४ ऐवजी ८ टाके घालायचे. धड २२ + ८ + ४४ + ८ + २२ म्हणजे पुन्हा १०४, बाही ३२ + ८ म्हणजे पुन्हा ४०. पुढचा एकही आकडा बदलावा लागत नाही. हे दोन्ही पर्याय नमुन्यात छापाच.

आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एकूण टाक्यांचा आकडा द्या. वाढीच्या ओळीत दरवेळी ८ टाके वाढतात: ६४, ७२, ८०, असं १६८ पर्यंत. एवढी एक ओळ लिहिली की चुकलेली वाढ दोन ओळींत सापडते, दहा ओळी उसवाव्या लागत नाहीत.

साखळी_खांब

पुढच्या पट्टीबद्दल. गळ्याच्या ४, छातीच्या २८, धडाच्या ४२ (१४ सेंमी) आणि बॉर्डरच्या १२, मिळून ८६ ओळी. सुलट-उलट विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून कडेने दर ४ ओळींना ३ टाके उचलायचे. ८६ चे ६४ होतात. प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी लाटांसारखी फुगते, दोनाला एक उचलला तर पुढचा भाग वर ओढला जातो. आधी कडेला रंगीत दोऱ्याने चार समान भाग पाडून प्रत्येक भागात १६ उचलले की वाटणी चुकत नाही.

३.२५ मिमीवर ६ ओळी, तिसऱ्या ओळीत काजं: ३ विणा, मग (लोकर पुढे घेऊन दोनाचा एक, १२ विणा) हे चार वेळा, पुन्हा लोकर पुढे घेऊन दोनाचा एक, ३ विणा. ६४ बरोबर बसतात, पाच काजं होतात. एवढ्याला १० ते १२ मिमीचं बटण जातं. पुढच्या ओळीत तो आडवा घेतलेला धागा टाका म्हणूनच विणायचा.

क्रोशाने कड करायची असेल तर ३ मिमीच्या सुईने त्याच हिशोबाने ६४ मुके खांब. इथेही नमुना परदेशात वाचला जाणार असेल तर सावध राहा. आपला मुका खांब अमेरिकी नमुन्यात सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. आपला साधा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. 'डबल' शब्द दोन्हीकडे आहे, अर्थ वेगळे. मराठी नाव लिहा आणि शेजारी टाका कसा घ्यायचा ते एकदा लिहा: 'सुई घाला, लोकर ओढा, सुईवर दोन फास, लोकर घेऊन दोन्हीतून काढा.' मग कोणी चुकणार नाही.

बटणं दुहेरी दोऱ्याने, मागे कापडाचा छोटा तुकडा ठेवून शिवायला सांगा. नुसत्या विणीला शिवलेलं बटण ओढून निघतं आणि बाळ ते तोंडात घालतं. गळ्याला नाडी किंवा गोंडे नकोत. मोहेअर वगैरे केसाळ लोकर नको, तंतू तोंडात जातात. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण ती खरखरीत असते, बाळाच्या अंगाला टोचते. कोणी सुती धागा वापरणार असेल तर तो ताणून परत येत नाही. बॉर्डर ३.२५ मिमीऐवजी आणखी एक माप बारीक सुईवर करायला सांगा, नाहीतर दोन धुण्यांत ढिली पडेल.

उन्हाची_तिरीप

फोटोआधी स्वेटर नीट बसवून घ्या. अ‍ॅक्रिलिक नुसतं पाण्याने आकार धरत नाही. सपाट मांडून, मापाला लावून, इस्त्रीची वाफ २-३ सेंमी वरून द्यायची आणि तसाच थंड होऊ द्यायचा. इस्त्री टेकली तर धागा वितळून कापड लुळं पडतं आणि ते पूर्ववत होत नाही. आधी गेजच्या चौकोनावर करून बघा, त्यासाठी तो जपून ठेवायचा. मेंढीच्या लोकरीचा स्वेटर असेल तर ओला करून टाचण्यांनी ताणायचा.

फोटोला ऊन थेट नको. खिडकीपासून हातभर अंतरावर, सकाळी उशिरा, ट्यूबलाइट बंद करून. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की पिवळा आणि मोतिया एकसारखे दिसतात. फ्लॅशने टाके सपाट होतात, कडेने येणाऱ्या उजेडात उठून दिसतात. पांढऱ्या लोकरीला फोनच्या पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर टाके पांढऱ्यात विरघळतात. लालभडक रंगातही तेच होतं, म्हणून पायऱ्या दाखवायचा तुकडा मध्यम फिक्या एका रंगात, पीळ घट्ट असलेल्या लोकरीवर विणा.

किमान एवढे हवेत: सपाट मांडलेला पूर्ण स्वेटर शेजारी मोजपट्टीसह, रॅगलनची रेषा जवळून, काखेचा कोपरा, काज-पट्टी आणि आतली बाजू. आतली बाजू कोणी दाखवत नाही, पण शिकणारीला सगळ्यात जास्त तीच लागते. बाळाला घालून काढलेला फोटो टाकायचा असेल तर चेहरा नको, आणि आईवडिलांना विचारून.

पीडीएफ करताना युनिकोड मराठी टंक फाइलमध्ये बसवलेला आहे ना ते दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. 'सु' आणि 'उ' अशी छोटी रूपं वापरलीत तर पहिल्याच पानावर त्यांचा अर्थ द्या. तक्ता काढलात तर सुलट ओळी उजवीकडून डावीकडे, उलट ओळी डावीकडून उजवीकडे वाचायच्या, हे तक्त्याखालीच लिहा, आणि ओळींचे आकडे त्या-त्या बाजूलाच घाला.

रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर फुकट नमुना टाकता येतो. तिथे सुईचं माप, गेज, मीटर हे रकाने भरावेच लागतात असं समजून भरा, कारण लोक शोधतात ते त्यांवरूनच. तुमचा लिहिलेला मजकूर, तक्ते आणि फोटो तुमच्या हक्काचे. रॅगलनची पद्धत कोणाच्याच मालकीची नाही. वाटायला परवानगी द्यायची पण विकायला नाही, असं हवं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा बिनव्यापारी परवाना निवडा आणि तो प्रत्येक पानाच्या तळाशी लिहा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पान एकेकटं फिरतं. तारीख आणि आवृत्ती क्रमांकही तिथेच. पुढे आकडा दुरुस्त केलात तर कोणाकडे जुनी प्रत आहे ते त्यावरून कळेल.

सुगरण_सुई

काखेचा बदल आवृत्ती २ मध्ये घालाल तेव्हा '६ उचला, पुढच्या फेरीत ४ करा' हे बाहीच्या पहिल्या ओळीतच लिहा, टीप म्हणून खाली नको. टीप वाचेपर्यंत बाही बोटभर विणून झालेली असते.